वहिनीची पंधरा मिनिटं

आमची वहिनी गॅसवर दूध ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला जाते आणि दूध वर यायच्या आत परत येते. हे मी कौतुकाने सांगत नाही. तिच्या या धावपळीने माझ्या नाकात दम आणलाय. तिच्याबरोबर बाजारात गेलं की आपण बाजारात गेलो असं वाटतच नाही, कुणीतरी आपल्याला बाजारातून फरपटत नेलं असं वाटतं. ती सतत दहा पावलं पुढे. मध्येच वळून म्हणते, "वन्सं, येताय ना?" मला वन्सं म्हणते ते चिडवायला, नाहीतर एरवी आमची अगं-तुगंची भाषा.

दादाने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि मोकळा झाला. तो लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी. भिंगरीचं वारं सोसायला उरलो मी आणि आई. मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिवणाचं मशीन टाकून बसलेली असते, त्यामुळे घरात येणारे-जाणारे सगळे पाय मला दिसतात. वहिनीचे तेवढे दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

ती पालिकेच्या नकाशा विभागात आहे. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या, दोन कॉम्प्युटर आणि बिछान्याएवढा एक प्रिंटर. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा तिने मला तिचं काम दाखवलं. दवाखाना, शाळा, बंबखाना, पाण्याचा नळ, जे काही सरकार लोकांसाठी बांधतं, ते नेमकं किती लोकांच्या आवाक्यात आहे हे ती नकाशावर काढते. पूर्वी म्हणे दवाखान्यावर कंपास टेकवायचा आणि एक गोल काढायचा. गोलाच्या आत जो आला त्याची सोय झाली.

"आता मला सांग," वहिनी उभ्या उभ्याच म्हणाली, "भिंतीतून आरपार आणि कालव्यावरून कोरड्या पायांनी जाणारं माणूस कुठे जन्माला आलंय का? माणूस रस्त्यानेच जाणार ना?"

म्हणून ती रस्त्यांचं जाळं करते. प्रत्येक रस्ता एक रेघ, दोन रस्ते भेटले की एक गाठ, आणि प्रत्येक रेघेला तिथून चालायला लागणारी मिनिटं. मग कॉम्प्युटर दवाखान्याच्या दारातून निघतो आणि फरशीच्या फटींतून सांडलेलं पाणी धावावं तसा सगळ्या गल्ल्यांतून धावत सुटतो. पंधरा मिनिटं संपली की जिथे असेल तिथे थांबतो. तेवढ्या भागाला हिरवा रंग. त्याच्या बाहेरचं सगळं पांढरं. हिरवा भाग वेडावाकडा असतो, कुठे लांबवर जीभ काढलेला, कुठे दवाखान्याला खेटूनही कोरडा. मला ते बघायला आवडलं, खोटं कशाला बोलू.

खरी गोम त्या मिनिटांत होती. इतर ठिकाणी म्हणे माणसाच्या चालण्याचा एक ठरलेला वेग पुस्तकातून घेतात आणि सगळ्या रस्त्यांना लावून टाकतात. वहिनीला ते पटेना. पुस्तकातला माणूस सपाटीवर चालतो, त्याला चढ नाही, पायऱ्या नाहीत, बाजारातली गर्दी नाही. असल्या माणसावर दवाखाने ठरवायचे का? मग बाईसाहेबांनी काय करावं? मनगटावर घड्याळ बांधलं आणि शहराच्या आमच्या बाजूचे झाडून सगळे रस्ते स्वतः चालून काढले. उन्हात, थंडीत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. प्रत्येक रेघेला तिने स्वतःच्या हाताने मिनिटं भरली. तिचे साहेब जो येईल त्याला सांगायचे, "आमचे आकडे टेबलावरचे नाहीत, रस्त्यावरचे आहेत." आणि ते खरंच होतं.

आता आईचं सांगते. आईच्या पायाला घोट्यापाशी एक जखम आहे, ती काही केल्या भरत नाही. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलावी लागते. आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचा छोटा दवाखाना आहे, दोन खोल्यांचा. आई सावकाश जाते, नर्सबाईंशी चार शब्द बोलते, पट्टी करून सावकाश येते. तेवढाच तिचा बाहेरचा फेरा. एक दिवस ती परत आली ती थेट वहिनीसमोर जाऊन उभी राहिली.

"दवाखान्याच्या दारावर कागद लावलाय. बंद करणार म्हणे. कालव्यापलीकडचा मोठा दवाखाना पुरेसा आहे, असं नकाशात आलंय. हे तू केलंस?"

"मी नकाशा केला, आई. बंद करणारी मी कोण? डॉक्टर कमी पडताहेत, म्हणून समिती बसलीय."

"पण नकाशा तुझाच ना?"

"आई, मोठा दवाखाना आपल्या दारापासून पंधरा मिनिटांच्या आत आहे. मी स्वतः चालून बघितलंय. तिथे तपासणीची यंत्रं आहेत, दोन डॉक्टर आहेत. उलट तुमची चांगलीच सोय होईल."

आईने कोपऱ्यातली काठी उचलली. म्हणाली, "चल, दाखव मला."

मीही निघाले. असला तमाशा फुकट बघायला मिळत असताना मशीनवर कोण बसतं?

वहिनी नेहमीप्रमाणे पुढे. कोपऱ्यापर्यंत जायची, वळून बघायची, परत यायची, पुन्हा पुढे जायची. फिरायला नेलेल्या कुत्र्याची गत. आई तिच्या चालीने चालली होती. दुकानाच्या पायरीशी थांबली, खांबाला हात लावून थांबली, सायकलवाल्याला वाट द्यायला थांबली. वहिनीने सुरुवातीला दोन-तीनदा घड्याळ बघितलं. कालव्याच्या पुलाला चढायला पायऱ्या आहेत. आई एका पायरीवर आधी एक पाय ठेवायची, मग दुसरा पाय त्याच पायरीवर आणायची, मग कठड्याला धरून श्वास घ्यायची आणि मग पुढची पायरी. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हाच पंधरा मिनिटं उलटून गेली होती. दवाखान्याची इमारत अजून दिसतसुद्धा नव्हती.

वहिनी कठड्याशी थांबली होती. तिला असं एका जागी थांबलेलं मी क्वचितच बघितलंय.

"या पुलाला मी एक मिनिट लावलंय," ती म्हणाली. मला नाही, आईला नाही, खाली कालव्याकडे बघून.

आम्ही पोचलो तेव्हा नाव नोंदवायची खिडकी बंद झाली होती. रिक्षा करून घरी आलो. घरी आल्यावर वहिनी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात अशा येरझाऱ्या घालायला लागली.

"मी सगळं शहर माझ्या पायांनी मोजलंय गं," ती म्हणाली. "माझ्या पायांनी!"

मला आधी हसू आलं. इतकी हुशार बाई, आणि आपण इतरांपेक्षा जोरात चालतो हे हिला ठाऊक नाही? पण खरंच नव्हतं ठाऊक. ती कधी कुणाबरोबर चाललीच नव्हती, नेहमी पुढेच असायची. आम्ही मागे राहतो ते दुकानं बघत रेंगाळतो म्हणून, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं. पुस्तकातला माणूस नको म्हणून हिने खरा माणूस शोधला, आणि तो निघाला हिच्यासारखा एकच. मग माझं हसू आटलं. त्या हिरव्या रंगात किती आया, किती म्हातारे, किती पोटुशा बाया नुसत्या कागदावर पंधरा मिनिटांत पोचत होत्या, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. काय झालं ते तिनेच सांगितलं.

"साहेब, नकाशा चुकलाय."

"कुठे? रस्ता राहिला का एखादा?"

"रस्ते बरोबर आहेत. मिनिटं माझी आहेत."

साहेबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "बाई, मिनिटं कुणाची तरी असणारच. तरुणाची घेतली तर म्हातारे ओरडतील, म्हाताऱ्यांची घेतली तर दर गल्लीला दवाखाना बांधावा लागेल. कुणाची घ्यायची, सांगा तुम्ही."

"जे दवाखान्यात जातात त्यांची," वहिनी म्हणाली. "दवाखान्यात धडधाकट माणूस जातोच कशाला?"

साहेबांना ते पटलं, पण समितीची बैठक पुढे ढकलणं त्यांच्या हातात नव्हतं. तोवर नवे आकडे आले तर मांडू, नाहीतर जुनेच जातील, असं ते म्हणाले.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. भिंगरीला हळू चालायचं होतं. ती दवाखान्यात निघालेल्या माणसांना गाठायची, त्यांना विचारायची आणि त्यांच्या मागोमाग चालायची. प्लास्टर घातलेला एक गवंडी, दम लागणाऱ्या एक निवृत्त मास्तरीणबाई, तान्ह्या बाळाला घेऊन निघालेली आई. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिला स्पष्टच विचारलं, "पोरी, माझ्या मुलाने पाठवलंय का तुला माझ्यावर नजर ठेवायला?" संध्याकाळी ती घरी यायची ती पाय धरूनच. "हळू चालून पोटऱ्या भरून येतात गं," म्हणायची, आणि तेही येरझाऱ्या घालतच. रात्री जेवताना तिचा गुडघा टेबलाखाली नाचत असायचा आणि भांडी वाजायची. बैठक जवळ येत होती, रस्ते संपत नव्हते. माझासुद्धा जीव टांगणीला लागला. दोनदा बाही उलटी जोडली मी.

आणि एका संध्याकाळी ती कॉम्प्युटरचा कागद घेऊन धावत आली. मोठ्या दवाखान्याचा हिरवा रंग आक्रसला होता. कालव्याच्या अलीकडे जेमतेम एक बोट उरला होता. आमची गल्ली त्यातून साफ बाहेर. म्हणजे आमचा दवाखाना जास्तीचा नव्हता, बंद करायचं कारणच उरलं नव्हतं. मी मशीन थांबवून आत धावले आणि आईला सांगितलं, "राहतोय गं तुझा दवाखाना!" आईने नुसती मान हलवली, पण खाऊचा डबा उघडून वहिनीपुढे सरकवला. आमच्या घरात एवढं पुष्कळ झालं.

वहिनीने डब्याला हात लावला नाही.

"अजून एक रस्ता राहिलाय," ती म्हणाली. "खाणीचा."

आमच्या गल्लीच्या वर चढ आहे, चढावर दगडाची जुनी खाण आणि खाणीभोवती वस्ती. तिथले लोक आमच्याच दवाखान्यात येतात. जुन्या नकाशात ती सगळी वस्ती हिरवी होती. तो रस्ता पुन्हा मोजायला तिला कुणीही सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, समितीने नाही. पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून घरी परतणाऱ्या एका बाईच्या मागे खाणीचा चढ चढून आली.

त्या बाईच्या खांद्यावर तापलेलं मूल होतं आणि बोटाला धरून दुसरं, चालायला लागून फार दिवस न झालेलं. बाई थोड्या वेळाने वैतागली. "अहो, पुढे जा की! रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"मला तुमच्याच चालीने यायचंय," वहिनी म्हणाली.

"का? माझी चाल काय बघण्यासारखी आहे?"

चढ सुरू झाल्यावर बोटाला धरलेलं पोर रस्त्यात बसलं. उठेना. रडत दोन पावलं चालायचं, पुन्हा बसायचं. वहिनीचे हात नुसते शिवशिवत होते. पण तिने त्याला उचललं असतं तर त्या रेघेवरची मिनिटं पुन्हा खोटी झाली असती.

"नाही उचललं मी," तिने मला सांगितलं. "ते रडत चाललं होतं आणि मी मागून घड्याळ बघत चालले होते." हे सांगताना ती खिडकीपासून दारापर्यंत किती वेळा गेली-आली, मला मोजवेना.

नव्या मिनिटांनी खाणीची वस्ती अख्खी पांढरी झाली. ती कुठल्याच दवाखान्याच्या आवाक्यात नव्हती, कधी नव्हतीच. मग वहिनीने कॉम्प्युटरला पुढचा प्रश्न घातला. आपल्याजवळ एकच छोटा दवाखाना आहे, तो कुठे ठेवला तर जास्तीत जास्त माणसं पंधरा मिनिटांत पोचतील? उत्तर आलं, खाणीच्या वळणावर. तिथे पालिकेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. तिथून सगळी वस्ती हिरवी होत होती आणि आमच्या भागातला वरचा अर्धा भाग. खालचा अर्धा पांढरा. आमचं घर खालच्या अर्ध्यात.

मी भडकले. अजूनही आठवलं की भडकते.

"खाणीचा रस्ता मोजायला तुला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही."

"मग ठेव ना तो जुनाच! मोठ्या दवाखान्याची चूक सुधारलीस, झालं ना काम? समितीला दुसरं काय कळणार आहे?"

"काहीच कळणार नाही," ती म्हणाली.

"आईला मी सांगून बसलेय. तिचा तो पाय दिसतो ना तुला? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं झालं हे!"

यावर ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला माहितीय," आणि चपला घालून बाहेर गेली. दोन दिवस घरात तिचा पाय ठरत नव्हता. दादाचा फोन आला, त्याला तिने काही सांगितलं नाही. आईच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. मी तिच्याशी बोलत नव्हते. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझी आई आहे ती. खाणीवरच्या त्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की ते रस्त्यात बसलेलं पोर माझ्याही डोळ्यांपुढे यायचं, आणि मग मला वहिनीचा जास्तच राग यायचा. हिला कुणी सांगितलं होतं ते घरात आणायला?

बैठकीच्या दिवशी ती सकाळीच गेली. दुपार झाली, ती आली नाही. साहेबांच्या ऑफिसात फोन केला तर शिपाई म्हणाला, "बैठक केव्हाच संपली. बाईंनी नवा नकाशा मांडला, खाणीचं वळण मंजूर झालं. बाई तर तेव्हाच गेल्या." मी फोन ठेवला. आईला सांगायचं धाडस मला होईना. जिने केलं तिनेच येऊन सांगावं, असं म्हणून मी मशीन चालवत बसले, पण एकही टीप सरळ पडली नाही.

दिवेलागणीच्या सुमारास ती आली. चपला धुळीने पांढऱ्या, चेहरा उन्हाने रापलेला. माझ्याकडे न बघता आत गेली. आई स्टुलावर पाय ठेवून बसली होती. मीही मागोमाग दारात जाऊन उभी राहिले.

"आई, दवाखाना हलणार," वहिनी म्हणाली. "खाणीच्या वळणावर. आपल्या घराची सोय नकाशातून गेली. आणि हा नकाशासुद्धा माझाच आहे."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे हात करून मला गप्प बसवलं.

"कुणासाठी?" तिने वहिनीला विचारलं.

वहिनीने तिला त्या बाईबद्दल सगळं सांगितलं. तापलेल्या मुलाबद्दल, चढाबद्दल, रस्त्यात बसणाऱ्या दुसऱ्या पोराबद्दल.

"मग उचललंस ना त्याला?"

"नाही."

"उचलायचं होतंस," आई म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. पुसायलासुद्धा तिने हात वर नेला नाही.

आईने पायाकडे बघितलं. पट्टीची सुटलेली कड तिने बोटाने दाबून बसवली.

"इथून किती लांब पडेल ते वळण?"

"सव्वीस मिनिटं."

"तुझी की माझी?"

"तुमची," वहिनी म्हणाली. "बैठकीनंतर इथे खाली आले आणि आपल्या दारापासून तुमच्या चालीने वर गेले. दोनदा केलं, चूक नको म्हणून. चढावर तुम्हाला दोन ठिकाणी टेकावं लागेल. वाटेतल्या पाण्याच्या टाकीपाशी कट्टा आहे, पण तो उन्हात येतो."

आईने स्टुलावरचा पाय हळूच खाली घेतला.

"मग सकाळी लवकर निघावं लागेल," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत."